गुरुवारची बाटली

मिल्ड्युरात, टायरवाला आणि गळ विकणारा यांच्या मधोमध
माझं दुकान. क्लोरीन, जाळ्या, पंपाचे रबरी वायसर,
आणि काउंटरवर ते यंत्र,
ज्यात मी गावाचं पाणी जोखते.

माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात म्हणे.
माझा तर धंदाच तो.
कोपर बुडेल इतक्या खोलातून अर्धी बाटली भरून आणा,
मी सांगते घरात कुत्रा आहे,
नातवंडं सनस्क्रीन फासून डुंबून गेली आहेत,
मुलगा म्हणतो औषध टाकलं, पण टाकलेलं नाही.

नेव्हिल प्राउझ दर गुरुवारी, सव्वादहाला.
व्हेजिमाइटची धुतलेली बाटली, लेबल नखाने सोललेलं.
जन्मभर रेल्वेच्या सिग्नलवर काढलेला माणूस,
बाटलीसुद्धा हिरवा झेंडा द्यावा तशी देतो.

"काळे ठिपके," म्हणाला ऑक्टोबरात. "तिसऱ्या पायरीशी. वाटाण्याएवढे."

काळं शेवाळ, मी म्हटलं.
हिरवं भोळं असतं, एका रात्रीत येतं, दोन दिवसांत जातं.
हे प्लास्टरमध्ये मूळ धरतं,
डोक्यावर चिकट टोपण ओढून घेतं
आणि खाली बसून राहतं,
तुम्ही वरून ओतलंत काय, नाही ओतलंत काय.
तारेचा ब्रश घ्या. आधी टोपण फोडा.
मग गोळी हातात धरून घासा, अगदी रागाने.
पंप रात्रंदिवस. विजेचं बिल उघडू नका.

त्याने घासलं.
नोव्हेंबर घासला, डिसेंबर घासला.
नाताळच्या आदल्या दिवशी सांगितलं, मला पोहता येत नाही.
छातीएवढ्या पाण्यात उभा राहतो, एका हातात शिडी,
लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यावर क्रिकेटची टोपी.
"एकोणचाळीस वर्षं झाली तलाव बांधून.
यंदा पहिल्यांदा आत उतरलो. तो मर्लचा."
पुढचं क्रियापद त्याने गिळलं.

जानेवारी. चव्वेचाळीस अंश.
मॅलीकडून उठलेली लाल धूळ काचेवर.
आकडे चोख, एकही बोट ठेवायला जागा नाही,
आणि ठिपके परत त्याच पायरीवर.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

"नेव्हिल, पाण्यात आणखी काय जातं?"
"काही नाही. कुणी नाही."
पावती फाडेपर्यंत गप्प.
मग, पावतीकडेच बघत:
"तिचा पोहायचा पोशाख.
सकाळी शिडीला टांगतो. अर्धा आत.
वारा असला की हलतो जरा.
संध्याकाळी शेडमध्ये वाळत घालतो, ब्रशच्या शेजारी."

कपडे, ब्रश, हवेच्या गाद्या,
सगळं ब्लीचमध्ये, नाहीतर बी परत येतं:
अठरा वर्षं हे मी झोपेतही सांगते.
यंत्राने ती ओळ छापलीही होती, तळाशी, तिसरी.
मी तिच्यावर अंगठा ठेवला.
बराच वेळ ठेवला.
मग उचलला.

"रंग जाईल," मी म्हटलं.
"किती?"
"निळा असेल तर बराच."
"पिवळा आहे. कडेला पांढरी पट्टी."
"पट्टीला काही होणार नाही."

दोन लिटर ब्लीच. सुटे पैसे मोजून.

पुढच्या गुरुवारी सव्वादहा वाजले, अकरा वाजले.
एक बाई आली, तिच्या पाण्यात तांबं निघालं;
केस हिरवे का झाले ते तिला समजावलं.
संध्याकाळी कुलूप लावायला गेले तर
मागच्या दाराशी बाटली, रबरबँडखाली चिठ्ठी:
पट्टी राहिली. ठिपके चार. पंप चालू आहे.

दिवे पुन्हा लावले. यंत्र तापू दिलं.
क्लोरीन किंचित जास्त, बाकी ठीक.
आणि वर, बाटली तिरकी धरली तरच दिसेल असा,
सनस्क्रीनचा पातळ तवंग.

त्याच्या घरी नातवंडं नाहीत.
कुत्राही नाही.