दहा बाय बारा

दिवाळी नुकतीच आवरली होती,
दुकानापुढे फटाक्यांचा लाल कागद अजून पडलेला.
ती आली. फाइन आर्ट्सची पोरगी, मेक्सिकोची, इत्सेल.
गावाचं नाव लिहून दाखवलं ओआक्साका,
वाचून दाखवलं वाहाका.
म्हटलं, चालायचंच.
आम्हीही लिहितो वडोदरा आणि राहतो बडोद्यात.

वडिलांचा फोटो. दहा बाय बारा. उद्या संध्याकाळपर्यंत हवा.
बसड्रायव्हर होते. बोटांत सिगारेट, डोळे उन्हानं बारीक.
मोडक्या गुजरातीत म्हणाली, हार नको,
चंदनाचा तर नकोच, त्यांना शिंका यायच्या.

तीस वर्षं रावपुऱ्यात काच कापतोय.
अर्ध्या शहराचे गेलेले माझ्या हातून भिंतीवर गेले.
शिंकेचा विचार कुणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फ्रेम घेऊन फतेगंजला गेलो.
उलट्या खोक्यांच्या तीन पायऱ्या, वर धुवट चादर,
आपण गौरी मांडतो तशी मांडामांड.
पतंगाच्या कागदातून कापलेले सांगाडे दोरीवर:
एक सायकल चालवतोय, एक फिडल वाजवतोय,
एकाच्या डोक्यावर चक्क नवरीचा पदर.
दारापासून पायरीपर्यंत झेंडूच्या पाकळ्या.
वासावरून येतात, म्हणाली. हे फूल मूळचं आमच्याकडचं.
म्हणजे दसऱ्याला माझ्या दारावर
इतकी वर्षं हिच्या गावचा पाहुणा टांगला जात होता.

वाटीत मीठ. पेल्यात पाणी, लांबून येतात, तहान लागते.
आणि परमिटवर मिळालेली एक इवलीशी बाटली.

बाटली बघून मी दोन पावलं मागे झालो.
तिनं ते पाहिलं. तुमचं कोण? म्हणाली.

अच्युत. धाकटा.
लठ्ठा प्यायला. एका शनिवारात सतरा गेले,
पेपरात आकडा आला, आकड्यात आमचा एक.
दहाव्या रात्री आईनं दिव्याखाली पीठ पसरलं,
आणि सकाळी कुणी पाहायच्या आत
स्वतःच हातानं मोडून टाकलं.
कशाची पावलं होती, विचारायची छाती झाली नाही.
पक्षात तिथीला नाव घेतो, गोत्र घेतो, तीळ सोडतो.
गुरुजी विचारत नाहीत, आम्ही सांगत नाही.
कावळा येतो, जेवतो, जातो.
भिंतीवर मात्र तो नाही.
फ्रेमवाल्याच्या घरात.

ती म्हणाली, त्याला काय आवडायचं?

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
खीर करतो आम्ही, वडे, अळूची भाजी, रीत म्हणून.
खिरीला तो हात लावत नसे.
आठवायला वेळ लागला. खरं सांगतो, लाज वाटली.
मग खाली उतरलो, नाक्यावरच्या गाडीवरून
गोटी सोडा आणला.

पाकिटात लायसनमागे त्याचा पासपोर्ट फोटो होता,
एका कानावर कॉलेजचा अर्धा शिक्का.
दहा बाय बारात हा पोहत राहील, म्हटलं,
आणि तसाच मिठाच्या वाटीला टेकवला,
तिच्या वडिलांच्या शेजारी.
दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.
सिगारेट पुरेल.

अंगठ्यानं गोटी आत ढकलली.
तो आवाज.
लहानपणी या आवाजाला गल्लीच्या टोकावरून वळायचा,
हातातली विटी टाकून.
आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं,
का पाहिलं, माहीत नाही.

बुडबुडे वर येत राहिले.
ते थांबेपर्यंत बसलो.

तिच्या फ्रेमचे पैसे मात्र पूर्ण घेतले, धंदा आहे.
निघताना पाकळ्यांवर पाय पडू नये म्हणून
भिंतीला धरून चाललो, तर ती हसली:
मधून जा ना, काका, वाट वापरायला असते.
मी मान हलवली.
आणि भिंतीकडूनच गेलो.