सातवी चिठ्ठी

तिबिलिसी, मार्च. खिडकीबाहेर नदी गढूळ.
आत ओतिया मार्गियानी जागा आहे,
कवटीची झडप काढून ठेवलेली,
आणि तो मला विचारतो, तुम्ही सकाळी काही खाल्लंत का.

माझं काम साधं. चित्रं दाखवायची.
शिडी. कंगवा. अक्रोड. बैल.
त्याने दर वेळी म्हणायचं, "हे आहे..." आणि पुढे नाव.
निळ्या पडद्यापलीकडे ख्वारामझे डॉक्टर
चिमूटभर वीज घेऊन फिरतात.

आधी अंगठा हलला. त्याने न हलवता.
"हा कुणी उचलला?" ओतिया म्हणाला.
तिथे एक नंबरची चिठ्ठी.
मग ओठ, दोन. जीभ, तीन.
मी पाठीचं विचारलं.
ती तिकडे वर, डॉक्टर म्हणाल्या, नखाएवढी.

चाळीस उन्हाळे ज्या पाठीने
स्वानेतीच्या बुरुजांचे दगड वाहिले
तिला नखाएवढी जमीन,
आणि अंगठ्याच्या नावावर अख्खं शेत.
हा सातबारा कुणी लिहिला कुणास ठाऊक;
कष्ट बघून नव्हे, एवढं खरं.

डोळे पुढे, आणि पाहणं पार मागे, डोक्याच्या परसात:
माझ्या हातातलं चित्र सगळं घर ओलांडून
तिथे जाऊन उभं राहतं.
नाव मात्र दुसऱ्याच आळीत राहतं.
आणि कपाळामागे बसलेला कुणी
परतीच्या गाडीत पुढची जागा मिळेल का,
याच्या काळजीत.

आदल्या दिवशी विचारलं होतं त्याला,
एखादी भाषा सोडावीच लागली, तर?
जॉर्जियन नको, म्हणाला, सून तीच बोलते.
स्वान आईची.
रशियन लष्करातली दोन वर्षं. ती जाऊ दे.
आणि उठता उठता गोळ्या मोजल्या:
आदीन, द्वा, त्री.
बायको, नाझिब्रोला, दारातून म्हणाली,
खेचराला शिव्या देतो ती तेवढी ठेवा.

सातव्या जागी वीज टेकली.
मी बैल धरला होता.
"हे आहे..."
"हे आहे..."
ओळखीच्या माणसाचं नाव आठवेना
की आपण बघतो तसा बघत राहिला.
मग स्वानमध्ये काहीतरी बोलला,
आखूड, घशातलं,
दगडावर दगड बसावा तसं.

मला स्वान येत नाही.
मी लिहिलं: सात. जॉर्जियन बंद. स्वान चालू?
प्रश्नचिन्हावर पेन जरा रेंगाळलं.
गाठ तिथूनच खाली उतरत होती.
बांधापर्यंत जाईन, डॉक्टर म्हणाल्या,
बांध कोरणार नाही.
थोडी गाठ राहील. राहू दे.

शेवटी परिचारिकेने चिठ्ठ्या मोजल्या.
चौदा लावल्या, चौदा परत आल्या.
आत काही राहिलं नाही, म्हणाली.

व्हरांड्यात मी नाझिब्रोलाला तो शब्द
जमेल तसा म्हणून दाखवला.
ती तोंडावर हात ठेवून हसली,
मग हसायची थांबली.
हे बैल नव्हे, म्हणाली.
हे एका बैलाचं नाव.
पूल वाहून गेला त्या वर्षी विकला.
तीन दिवस जेवला नव्हता.
विचारा त्याला, नाही म्हणेल.

माझ्या तक्त्यात दोनच रकाने आहेत,
बरोबर आणि चूक.

तिसऱ्या दिवशी गेले.
ओतिया उशीला टेकून, डोक्याला पांढरं मुंडासं.
तेच चित्र धरलं. "हे आहे..."
थांबला. चांगला थांबला.
"बैल." स्वच्छ जॉर्जियनमध्ये.
मी खूण केली.
मग खिडकीकडे तोंड करून, हलक्या आवाजात,
त्याने दुसरं काही म्हटलं.
ते मी लिहून घेतलं नाही.