दर सहा आठवड्यांनी

फोनमधली बाई म्हणते, तुम्ही शेतात उभे आहात.
तिचं फारसं चुकत नाही.
तीन वर्षांमागे इथे बार्लीच होती.
आता पाट्या आहेत : चंडोल मार्ग, ससा गल्ली.
ज्यांना हुसकलं त्यांचीच नावं दिली,
बिल्डरच्या मानाने ही माणुसकीच.

बार्न्सलीपासून सहा मैल. मी व्हॅन लावतो,
मागे टाकी, चारशे लिटर गाळलेलं पाणी,
टोकाला ब्रश असलेला वीसफुटी दांडा, खिशात कार्डं.
वडलांकडे लाकडी शिडी होती आणि एक चावरं कुत्रं.
ते म्हणायचे, डेस्मंड, काच बघून गिऱ्हाईक ठरवू नये,
उंबरा बघावा. झिजलेला असेल तर बेल वाजव.
इथे उंबरेच नाहीत. चाकाच्या खुर्चीसाठी सगळं सपाट,
ते बरंच झालं म्हणा,
पण माझी पंचाईत.

पहिल्या वेळी सगळेच हो म्हणतात.
काचांवर सिमेंटचे शिंतोडे, सिलिकॉनमध्ये उमटलेली
कुणा गवंड्याची पाच बोटं.
ती जाईपर्यंत मी लाडका.
चहा येतो, बिस्किट येतं, दर सहा आठवड्यांनी या, म्हणतात,
आणि मी वहीत लिहितो. शाईने लिहितो, चुकतो.

नव्याचे नऊ दिवस.
दुसऱ्या फेरीला बारा नंबरच्या ऑलरॉइड साहेबांनी
स्वतःच मशीन आणलेलं असतं.
एकोणीसमधलं जोडपं सोफ्यामागे लपतं;
त्यांना कुत्र्याची शेपटी आवरत नाही.
सात नंबरला पुढच्या वेळी एकदम देतो म्हणाले,
आणि तो एकदम मार्चपासून वाटेत आहे.
उधारीचं पोतं सव्वा हात रितं,
आमच्या वहीला तर तळच नाही.
मग एक पोरगा आला, नवी व्हॅन, एक पौंड कमी.
त्याला शिव्या द्याव्यात तर
बावीसाव्या वर्षी मीही हेच केलं होतं,
वडलांच्याच गल्लीत.

एकेचाळीसच्या दारावर मात्र चिठ्ठी :
रात्रपाळी असते. बेल नको. खिडक्या करा.
आत काळे जाड पडदे.
पैसे आदल्या रात्रीच खात्यात,
मी निरोप पाठवतो तोवर आलेले.
तीन वर्षं. एकदाही माणूस दिसलं नाही.
बाकी घरांत काचेपलीकडे संसार दिसतो,
न घडी केलेले कपडे, भांडणं, गणिताची वही.
इथे काळ्या पडद्यावर मीच दिसायचो,
दांडा घेतलेला, टक्कल पडत चाललेला.
पंप हळू ठेवायचो.
ब्रश चौकटीला लागू द्यायचो नाही.
कोपरे दोनदा.
हे कुणी सांगितलं नव्हतं.

परवा गुरुवारी पडदे नव्हते.
रिकामी खोली, छताला उघडा बल्ब,
गालिच्यावर पलंगाच्या पायांचे चार खळगे.
आतून काचेला कागद चिकटवलेला, अक्षरं माझ्याकडे तोंड करून.
वरून पाऊस आणि कबुतरं, नीट वाचता येईना.
म्हणून आधी काच धुतली.
खाली येणारं पाणी संपेपर्यंत थांबलो.
मग वाचलं :

सेबूला परत जातेय, आईचं बघायला.
दोन वेळचे जास्त पाठवलेत, परत करू नका.
तेवीस नंबरला तुमचं सांगितलंय.
त्यांचं बाळ दुपारी झोपतं. बेल नको.
रोवेना

वहीत ती आजवर एकेचाळीस होती.
नाव लिहिलं, तेव्हा खोडायची वेळ आलेली.
खोडलं नाही. पुढे घरांची यादी संपते तिथे
जागा होतीच.

तेवीसला गेलो. वरच्या खिडकीत पडदा अर्धा ओढलेला,
काचेवर बिल्डरचा पिवळा स्टिकर अजून तसाच.
व्हॅनचं दार न आपटता लावलं
आणि पंपाचा आवाज
आहे त्याहून कमी करता येतो का
ते बघत बसलो.