कलम दोन : व्याख्या

तबिंदानं टाइप केला होता तो कायदा,
लाहोरच्या सचिवालयात, तिसऱ्या मजल्यावर,
पंखा बिघडलेल्या जूनमध्ये.
खांब म्हणजे काय, तार म्हणजे काय,
सार्वजनिक जागा म्हणजे काय
सगळं आलं. 'सुरक्षित' म्हणजे काय,
तेवढं राहून गेलं.
तिनं विचारलंही.
साहेब म्हणाले, ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

सातव्या वर्षी तिचा भाऊ, जव्वाद,
दातांच्या दवाखान्यातून घरी निघाला.
आठव्या दिवशी तिला पडद्यापुढं बसू दिलं.

दिसला.
सुजल्या गालावर रुमाल, हातात डाळिंबांची पिशवी.
वाकला, बुटाची नाडी बांधली,
शिसवीच्या झाडाखाली गेला.
पलीकडून नुसता रस्ता बाहेर आला.

पोरगी भली होती, तिनं तीनदा मागं नेलं.
तीनदा त्यानं तीच नाडी बांधली.
"फांद्या आड येतात, बाजी."

कलम एकोणीस, पोटकलम तीन :
आड येणारी फांदी तोडण्याचा
प्राधिकरणास अधिकार राहील.
'राहील'पुढचा पूर्णविराम तिचाच.
आणि तेविसावं : तीस दिवसांनी चित्रण पुसलं जाईल.
मसुद्यात साठ होते.
कुणी खोडले, आठवत नाही.
तिनं फक्त स्वच्छ प्रत काढली.

आज एकोणतिसावा.
करवतवाली गाडी आली आहे.
तबिंदा खोडाला पाठ लावून उभी.
इथून कॅमेरा दिसत नाही,
पानं दिसतात, आणि सांडलेला चहा.

मुकादम म्हणतो,
बाई, बाजूला व्हा.

कुठल्या, ती विचारते.