आठ बाय सहा

जुन्या बाजाराच्या अलीकडे, तळघरात, दारवटकर फ्लेक्स.
शाईचा वास डब्यातल्या पोळीलाही लागतो.
मशीन रात्रभर इकडून तिकडे धावतं
आणि सकाळी पेठेतल्या चौकाचौकात
कुणीतरी हात जोडून हसत असतं.

माझं काम माणसं विरवण्याचं.
साहेब सर्वांत मोठे, ते विरत नाहीत.
त्यांच्या खालचे छातीपासून विरतात,
त्यांच्याही खालचे गळ्यापासून.
कोण कुठून, ते मंडळ ठरवतं.
मी फक्त ग्रेडियंट ओढते
वरून खाली, पांढऱ्यातून काळ्यात,
शिफ्ट दाबून, म्हणजे हात हलला तरी रेघ हलत नाही.

शेठ नव्या पोरांना सांगतात,
खोडरबराला हात लावायचा नाही.
खोडलं ते गेलं.
मास्क लावा. काळं फिरवलं की झाकलं,
पांढरं फिरवलं की परत आलं,
करडं फिरवलं तर आहे पण आणि नाही पण.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात,
आणि हसतात. दर वेळी.

हर्षल आल्हाट.
एप्रिलच्या बॅनरवर तिसऱ्या ओळीत, डावीकडून पाचवा,
गळ्यापासून विरलेला.
नोव्हेंबरात पोरं आली. फोटो तोच.
आठ बाय सहा, म्हणाली, एकटाच.
मागं आभाळ टाका. खाली विझत जाऊ दे.
कात्रजच्या उतारावर, एवढं एकानं सांगितलं
आणि मोबाइल बघायला लागला.

मी जुनी फाइल उघडली.
शुभेच्छांच्या लेअरचा डोळा मिटला.
'भावपूर्ण श्रद्धांजली' तयारच असतं आमच्याकडे,
चार रंगांत.

त्याची आई पोरांच्या मागून आली.
इथं कुणी काढत नाही, तरी चपला बाहेर काढल्या,
प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली.
बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाली,
याचे हात कुठं गेले?

ताई, खाली असंच विरतं. सगळ्यांचंच.

कापले?

नाही हो. झाकलेत.
आणि दाखवायचं म्हणून मी मास्क बंद केला.

खडकवासल्याची भिंत. संध्याकाळ.
एका हातात अर्धं खाल्लेलं कणीस,
बोटांना तिखट-मीठ,
दुसरा हात कुणाच्या तरी खांद्यावर,
तो कुणीतरी फोटोबाहेर राहिलेला.
आकाशी शर्ट, पोटाशी सुरकुतलेला.

मोठं कर, म्हणाली.
अजून.
चारशे टक्क्यांवर वरून तिसरं बटण आलं.
हे मी लावलं, म्हणाली. गडबडीत. दोरा काळा आहे बघ.
आकाशी मिळाला नाही घरात.
ओरडला होता माझ्यावर.

मग कोणी काही बोललं नाही.
मशीनचं तेवढं चालू होतं.

जुना मास्क मी कचऱ्यात टाकला.
नवा लावला. ग्रेडियंट बटणाच्या खाली चार बोटं सुरू केला.
पोरं म्हणाली, मग आमची नावं कुठं बसणार?
अठ्ठावीस नावं होती.
शेठ खुर्चीतूनच म्हणाले, बारीक करा.
आणि कणीस नको, पोरं म्हणाली, बरं दिसत नाही.
ते खरंच होतं.
मी कणसावर काळं फिरवलं.
मग पोरं चहाला गेली तेव्हा
मऊ ब्रश घेतला, पांढरा, दहा टक्के,
एकदाच फिरवला.
ढगासारखं काहीतरी राहिलं तिथं.
तिनं बघितलं की नाही, माहीत नाही.
ती दोऱ्याकडे बघत होती.

छापायच्या आधी सगळे लेअर एक करावे लागतात.
मी केले.

पंधराएक दिवसांनी दांडेकर पुलाशी
भाजीच्या गाडीवर एक फ्लेक्स ताणलेला दिसला,
आठ बाय सहाचाच असावा,
छापलेली बाजू आत, पांढरी वर.
आमच्या भाषेत पांढरं म्हणजे उघडं.
मी पाव किलो गवार घेतली.
वाकून वर बघितलं नाही.