तिसरा रामराम

वसमतच्या मोंढ्यात, वरच्या खोलीत,
जिथे पूर्वी पावत्यांचे गठ्ठे असायचे
तिथे आता मी असतो, एक कूलर, आणि सर्व्हर.
त्याच्यावर हळदीची धूळ बसते.
दर शनिवारी मी ती ब्रशने झाडतो
आणि पाच मिनिटं शिंकत राहतो.

मार्चातल्या एका पहाटे, तीन वाजून दहा मिनिटांनी
टोकनाचं पान उघडेना.
बाहेर ट्रॅक्टरांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत,
आणि टोकन नाही तर काटा नाही.
वॉचमन हावगीराव खालून ओरडला,
"कामून बंद पडलं हो सायेब?"

बंद पडलं नव्हतं.
कुलूप शाबूत. एका क्विंटलची नोंद हललेली नाही.
फक्त कुणीतरी दारात
चाळीस हजार जण आणून उभे केले होते
आणि त्यांतल्या एकालाही
हळद विकायची नव्हती.

यंत्रांचीही एक रीत असते.
तो म्हणतो, रामराम.
आपण म्हणतो, रामराम, या.
मग तो पुन्हा एकदा म्हणतो रामराम,
तेव्हा कुठं बोलणं सुरू होतं.
त्या पहाटे पहिला सगळ्यांनी घातला.
मी प्रत्येकाला उलट घातला, खुर्ची ओढली,
आणि तिसरा आलाच नाही.
रिकाम्या खुर्च्यांनी गच्च भरलेली खोली
मी पहिल्यांदाच पाहत होतो.

नांदेडला वाजेदभाईला फोन लावला.
रोजे चालू होते, तो सहेरीला उठलेलाच.
तोंडातला घास न गिळता म्हणाला,
"कुर्सी नक्को डाल रे. चिठ्ठी दे."

चिठ्ठीवर त्याचाच पत्ता, वेळ, आपली खूण.
द्यायची, आणि विसरून जायचं.
बोलायचं असेल तो चिठ्ठी घेऊन येईल,
ज्याने पत्ता खोटा सांगितला
त्याची चिठ्ठी भलत्याच्या उंबऱ्यावर पडेल.
खोली हळूहळू मोकळी झाली.

पण काही जण चिठ्ठी घेऊनही आले,
पुन्हा आले, पुन्हा आले.
मिनिटाला दहापेक्षा जास्त वेळा जो ठोठावेल
त्याला बंद, असा नियम लिहायला घेतला
तर यादीत कुरुंद्याचा एक मोबाईल,
दर चार सेकंदाला.
बोट बटणावर होतं माझं. काय वाटलं कोण जाणे,
नंबर लावला.
द्रौपदा खिल्लारे. "दाबून दाबून बोट दुखलं की वो,
भाड्याचा टेम्पो उभाय, कवा उघडंल?"

वरून पाहिलं तर
घाई आणि हल्ला सारखेच दिसतात.
नियम पुसला. वीस केला.
वीसचंही मला काही खरं वाटत नाही.

साडेपाचला पहिलं टोकन निघालं.
उजाडता उजाडता मी पत्ते वाचत बसलो,
लांबलांबचे देश, त्यांची नावंही धड वाचता येईनात,
आणि मधेच एक आपला. इथला.
केबलवाल्या शिवलिंगला विचारलं, तर
दोन दुकानं सोडून, भुतड्यांची आडत.
गल्ल्यावर नजर ठेवायला लावलेला कॅमेरा
रात्रभर आमचं दार ठोठावत होता.
पासवर्ड अजून कारखान्यातलाच,
एक दोन तीन चार.

गंगाप्रसादशेठ गार पडले.
"मी तर चोरासाठी लावलेला."
स्टुलावर चढून मी वायर काढली,
नवा शब्द टाका म्हणालो.
त्यांनी सावकाश, एका बोटाने
बहुतेक आईचं माहेर टाकलं,
आणि मला दिसू नये म्हणून
दुसऱ्या हाताने झाकलं.
फार बरं वाटलं मला.

बाहेर ट्रॅक्टर काट्याकडे सरकत होते.
एकाने वरूनच हात केला, "रामराम सायेब."
रामराम, म्हणालो,
आणि सवयीने
क्षणभर तिथंच थांबलो.