शिंक

अनुदानाच्या अर्जाला केंद्राचा इतिहास जोडायचा आहे,
एक पान, दोन्ही भाषांत.
सुरुवात कुठून करू?
कागदोपत्री उद्‌घाटन आहे, नारळ आहे, फीत आहे.
पण त्याच्या चार दिवस आधी, चाचणी चालू असताना,
निपाणीच्या हवेत पहिली गेली
ती भरमाण्णाची शिंक.

कॉलेजचा फिजिक्सचा मजला,
जिन्याखालची अडगळीची खोली.
आवाज घुमू नये म्हणून लागणारा फोम परवडेना,
तर बाळगोंडा सरांनी भावाच्या वखारीतून
तंबाखूची रिकामी पोती आणली
आणि भिंतींना ठोकली.
पुढं तीन वर्षं
जो पाहुणा येई तो बोलण्याआधी शिंके.
दातांचे डॉक्टर, तलाठी.
एक तबलजी तर बरोबर समेवर.

परवान्याच्या अर्जात भाषेला रकाना एकच.
सरांनी मराठी लिहिलं, तिरपी रेघ मारली,
कन्नड लिहिलं, जागा संपली.
उर्दू समासात गेली.

मी दुसऱ्या वर्षाला नापास, म्हणून मोकळी.
आवाज काही खास नव्हता. वेळ होता.
पन्नास वॅटमध्ये अकोळ यायचं, जत्राट, यमगर्णी,
आभाळ स्वच्छ असलं तर सौंदलगासुद्धा.
कोगनोळीच्या पलीकडून एकदा कार्ड आलं :
तुमचं ऐकू येतंय, पण आम्ही दुसऱ्या राज्यातले,
आम्ही फर्माईश केली तर चालेल का?

दुपारचे दोन तास विडीवाल्या बायकांचे.
मांडीवर सूप, सुपात पानं,
हात गुंतलेले, डोळे गुंतलेले,
कान तेवढे रिकामे.
त्या रिकाम्या जागेत आम्ही काय काय भरलं!
पेन्शनचे फॉर्म, गोवराची लस, हरवलेली शेळी,
मल्लव्वाचं जात्यावरचं कन्नड गाणं,
त्याचा अर्थ हसीनाबीनं सांगितलेला,
तोही निम्मा चुकीचा.

बंदच्या दिवशी दोन्हीकडून निरोप आले,
आमची बाजू मांडा.
आम्ही बसचं वेळापत्रक वाचलं,
दोन्ही राज्यांच्या गाड्यांचं, दोन्ही भाषांत.
एकही गाडी धावत नव्हती.
तरी शेवटच्या मुक्कामी गाडीपर्यंत वाचलं.
रात्री दाराला कुणीतरी काळं फासलं.
कुठल्या बाजूनं, ते अजून ठरलेलं नाही.

आणि मग तो मंगळवार.
कमलव्वा माईकसमोर बसली नि हिशोब सांगू लागली :
हजार विड्या दिल्या की ऐंशी छाट,
छाट म्हणून फेकलेल्या पण परत मिळत नाहीत,
मग त्या ओढतं कोण?
एवढंच विचारलं तिनं. नाव कुणाचं घेतलं नाही.
दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप.
कॉलेजला अचानक
झाडू ठेवायला जागा कमी पडू लागली होती.

आठ महिने आम्ही गप्प.
ट्रान्समीटर माझ्या पलंगाखाली,
सरांच्या चपला दिल्लीच्या पत्रांमागं झिजलेल्या.
बायकांनी आठवड्याला रुपया काढला,
चहाच्या डब्यात, नाणीच जास्त.
शेवटी पिठाच्या गिरणीवरची माडी मिळाली.
तिथून अजून बोलतोय.
दोन वाजता गिरणी सुरू होते, तिची घरघर हवेत जाते,
त्यावर गावात घड्याळं लावतात.

पण मला सांगायचं होतं ते मधलंच.
त्या आठ महिन्यांत एकदा हसीनाबीकडं गेले,
माफी मागावी म्हणून.
सूप मांडीवर. कोनाड्यात रेडिओ चालू,
आमच्याच आकड्यावर, नुसती खरखर.
म्हटलं, मावशी, बंद आहे की आपलं.
ती मान वर न करता म्हणाली,
"ठाव हाय. असू दे.
खरखरीत विड्या मोजायला बरं पडतंय.
आन् तुम्ही परत बोलाय लागला
तर आमाला कळाय नको?"

अर्जात शेवटचा रकाना आहे :
प्रक्षेपण खंडित असतानाची श्रोतृसंख्या.
खाली छापलंय, लागू नसल्यास शून्य लिहावे.
सकाळपासून पेन हातात घेऊन बसले आहे.